पाण्याचा जमाखर्च

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत व्यापारनीती, करपद्धती, बाजारपेठांची स्थिती अशा विषयांवर जाणत्या मंडळींचे लेख वाचावयास मिळतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने अगदी साधा आहे. तो म्हणजे पाणी. बाटलीबंद पाण्याचा अपवाद सोडला, तर हा पदार्थ आपल्यापैकी कोणाच्या तागडीत चढत नाही. तथापि किंचित विचार केला असता असे दिसून येईल की, आपल्या दुकानातील प्रत्येक मालाबरोबर थोडेफार पाणी विकले जातच असते. पावसाळा लागला की गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो, मिठाची पोती ओल धरतात, लाल मिरची मऊ पडून जड होते, आणि वखारीतील धान्यात हात घातला असता तो कधी कधी गरम लागतो. हे सर्व पाण्याचेच खेळ होत. व्यापारी मनुष्य ते रोज पाहतो. परंतु त्यामागील कारणाकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही.

ज्या गुणांमुळे पाणी आपले शरीर चालविते, त्याच गुणांमुळे वखारीतील बुरशीचेही चालते. पाणी स्वतः कोणाचा पक्षपात करीत नाही. म्हणून पाणी कोठे असावे, किती असावे आणि कोठे मुळीच नसावे, याचा चोख हिशेब ठेवणे हे जसे शरीराचे काम, तसेच ते धान्य, किराणा व तेलबियांचा व्यापार करणाऱ्याचेही काम आहे. एवढी एकच गोष्ट वाचकांसमोर मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

पाणी म्हणजे काय?

शेकडो वर्षे विद्वानांनी पाणी हे एक मूलतत्त्व मानले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही समजूत ढळली. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७८१ पासून केलेल्या प्रयोगांत ज्वालाग्राही वायू हवेत जाळला असता शुद्ध पाणी तयार होते असे पाहिले, आणि १७८३ मध्ये लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे असे प्रतिपादन केले. पुढे १८०० मध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी विजेच्या प्रवाहाने पाण्याचे पृथक्करण करून दाखविले. दोन भाग हायड्रोजन, ज्याला जुन्या पुस्तकांत उद्‌जन म्हणत, आणि एक भाग प्राणवायू, एवढीच पाण्याची घटना आहे.

या दोन वायूंपासून बनलेला पाण्याचा रेणू सरळ काडीसारखा नसतो, तो मध्ये वाकलेला असतो. त्याच्या दोन बाजूंमधील कोन सुमारे १०४.५ अंशांचा भरतो. शिवाय त्यातील प्राणवायूचा अणू दोघांत समाईक असलेले विद्युत्कण स्वतःकडे अधिक ओढून धरतो. परिणामी रेणूच्या एका बाजूस किंचित ऋण व दुसऱ्या बाजूस किंचित धन विद्युत्‌भार राहतो. मग एका रेणूची धन बाजू शेजारच्या रेणूच्या ऋण बाजूला धरून ठेवते. या पकडीला हायड्रोजन-बंध म्हणतात.

हा बंध फार दुबळा असतो. रेणूच्या आतील अणूंना जोडणाऱ्या बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकेच त्याचे बळ. द्रवरूप पाण्यात तो क्षणाच्याही सूक्ष्म भागात तुटतो आणि लगेच दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो. भरल्या बाजारात जसे किरकोळ सौदे सतत ठरतात व मिटतात, कोणताही एक सौदा टिकत नाही आणि तरी बाजार मात्र उभा राहतो, तसेच हे आहे. पाण्याचे बहुतेक सारे विलक्षण गुण या दुबळ्या पण असंख्य बंधांतून निघतात. त्यांचे सामर्थ्य किती आहे हे एका तुलनेवरून ध्यानी येईल. पाण्याशी रचनेने साम्य असलेला हायड्रोजन सल्फाइड हा वायू पाण्याच्या रेणूपेक्षा जड असूनही शून्याखाली ६० अंशांवरच उकळतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत द्रवरूप राहते. हे बंध नसते, तर पृथ्वीवर एकही नदी वाहिली नसती. सारे पाणी वाफ होऊन हवेत गेले असते.

उष्णतेचे भांडार

पाण्याचा पहिला मोठा गुण म्हणजे त्याची उष्णता साठविण्याची शक्ती. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापविण्यास एक कॅलरी उष्णता लागते; तेवढ्याच लोखंडास तिचा सुमारे नववा भाग पुरतो आणि वाळूला पाचवा. कारण असे की, पाण्याला दिलेली उष्णता रेणूंची हालचाल वाढविण्यापूर्वी त्यांचे परस्परबंध सैल करण्यात बरीचशी खर्ची पडते.

आपल्या समाजाची घरे गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत पसरलेली आहेत. त्यामुळे या गुणाचा अनुभव पुष्कळांना आहे. पणजीस समुद्र शेजारी असल्याने तेथील तापमान वर्षभर साधारणतः २० ते ३३ अंशांच्या दरम्यान राहते. समुद्र दिवसा व उन्हाळ्यात उष्णता पोटात घेतो, आणि रात्री व हिवाळ्यात ती सावकाश परत करतो. ग्वाल्हेरला असा सावकार शेजारी नाही. म्हणून तेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो आणि जानेवारीतील कडाक्याच्या रात्री तो ५ अंशांच्या खाली उतरतो.

समुद्र जे काम किनाऱ्यासाठी करतो, तेच शरीरातील पाणी शरीरासाठी करते. साठ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ किलो पाणीच असते. त्याचे शरीर दिवसभरात अदमासे दोन हजार किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. ती बाहेर पडण्याची सोय नसती, तर ढोबळ हिशेबाने त्याचे तापमान एका दिवसात ४० अंशांनी वाढले असते! शरीरातील पाण्यामुळे ही वाढ आधीच मंदावते, आणि उरलेले काम घाम करतो. एक लिटर घाम कातडीवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो, कारण वाफ होऊन सुटण्यासाठी प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांचे सारे बंध तोडावे लागतात. मातीच्या माठातील पाणी गार होते तेही याच न्यायाने. ग्वाल्हेरच्या कोरड्या झळांत माठ उत्तम गार होतो, आणि गोव्याच्या दमट हवेत मात्र तो कोमटच राहतो. कारण हवेत आधीच पाणी भरलेले असल्यामुळे नवे पाणी वाळत नाही. दमट हवेत अंगावर घाम साचतो, पण जिवाला थंडावा मिळत नाही, त्याचे कारणही हेच. अशा हवेत हमाल व कामकरी यांना भर दुपारी जड कामास लावणे धोक्याचे असते, हे मालकवर्गाने अवश्य ध्यानात ठेवावे.

तरंगणारा बर्फ आणि चढणारे पाणी

बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात व जड होतात. पाण्याची रीत उलटी आहे. ते ४ अंशांपर्यंत आकसते, त्याखाली फुगू लागते आणि गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. गोठताना रेणू एकमेकांना ठरावीक अंतरावर धरून ठेवतात आणि मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून बर्फ हलका होऊन तरंगतो. कडक हिवाळ्यात श्रीनगरच्या दल सरोवराचा पृष्ठभाग गोठतो. परंतु बर्फाच्या त्या झाकणाखाली पाणी द्रवरूप राहते आणि त्यात मासे जगतात. बर्फ जर बुडणारा असता, तर थंड प्रदेशांतील तळी तळापासून गोठत आली असती व त्यांतील जीव मेले असते. याच गुणाची दुसरी बाजूही आहे. माळव्यात कधी थंडीची लाट येऊन पाला पडतो, तेव्हा पिकाच्या कोवळ्या भागातील पाणी गोठते, पेशींची घडण मोडते आणि हरभऱ्याचे वा बटाट्याचे उभे पीक काळवंडते. त्याचा परिणाम पुढे बाजारात भावाच्या रूपाने आपणांस दिसतो.

पाण्याचे रेणू जसे एकमेकांना धरतात, तसेच ते काच, माती, कापूस, लाकूड यांनाही चिकटतात. म्हणून टिपकागदात शाई आपोआप चढते. याला केशाकर्षण म्हणतात. झाडात तर याहून मोठी करामत आहे. पाणी वर खेचणारा साधा पंप ते सुमारे १० मीटरपेक्षा अधिक उंच खेचू शकत नाही. आणि माडाच्या शेंड्यावर तर वीस-पंचवीस मीटरांवर शहाळी पाण्याने भरलेली असतात. हे कसे घडते याचा उलगडा डिक्सन व जॉली या आयर्लंडमधील शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडला. पानांतून पाण्याची वाफ उडाली की तिच्या मागचे पाणी वर ओढले जाते, त्याच्यामागचे त्याच्यामागून, आणि अशा रीतीने मुळांपर्यंत पाण्याची एक अखंड साखळी ताणलेली राहते. रेणूंची परस्पर पकड इतकी घट्ट की ही साखळी सहसा तुटत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनारी रेडवूड वृक्ष ११५ मीटरांच्याही वर गेलेला आढळला आहे. तेथेही शेंड्याला पाणी पोहोचते ते याच मार्गाने, आणि वृक्षाला त्यासाठी स्वतःची शक्ती जवळजवळ खर्चावी लागत नाही.

विरघळविणारे आणि न विरघळविणारे

पाण्याचा सर्वांत उपयुक्त गुण म्हणजे विरघळविण्याची शक्ती. मिठाचा खडा पाण्यात टाकला की त्यातील धन व ऋण कणांना पाण्याचे रेणू घेरतात आणि सुटे करून घेऊन जातात. साखरेलाही ते सहज धरतात. रक्ताचा द्रवभाग नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतो. साखर, क्षार, प्रथिने आणि शरीरातील टाकाऊ पदार्थ हे सर्व त्यातूनच प्रवास करतात. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातील जवळजवळ सर्व परत घेऊन केवळ दीड लिटरच्या आसपास बाहेर टाकतात. इतकी काटकसर कोणत्याही पेढीवर आढळावयाची नाही.

परंतु पाणी तेल विरघळवीत नाही, आणि हेही आपले भाग्यच म्हणावे लागेल. शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ स्निग्ध पापुद्रा असतो. पाणी त्याला विरघळवू शकत नाही, उलट स्निग्ध भागाला बाजूला सारून त्याचा पापुद्रा एकसंध ठेवते. त्यामुळेच पेशीची आतली मालमत्ता आत व बाहेरची बाहेर राहते. या पापुद्र्यातून पाणी मात्र ये-जा करू शकते, आणि ते नेहमी जेथे मीठ-साखर अधिक त्या बाजूस ओढले जाते. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा; लेखाचा पुढील भाग त्यावरच उभा आहे.

शरीराची वही

सामान्य हवामानात प्रौढ मनुष्याच्या पाण्याचा दैनिक जमाखर्च स्थूलमानाने असा असतो. जमेच्या बाजूस पिण्यातून १५०० मिलिलिटर, अन्नातून ७०० आणि शरीरात अन्न जळताना तयार होणारे ३००, एकूण २५००. खर्चाच्या बाजूस मूत्र १५००, त्वचा व श्वास यांवाटे ९००, मलावाटे १००, एकूण तितकेच २५००. जमेतील तिसरी बाब पुष्कळांना नवी वाटेल. परंतु कॅव्हेंडिशच्या प्रयोगात जे घडले तेच येथे घडते, अन्नातील हायड्रोजन प्राणवायूशी मिळून पाणी होते.

ही वही रोज मिळते तोवर आपणांस तिची आठवणही होत नाही. शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झाले की तहान लागते. तूट दहा टक्क्यांवर गेली की जिवावर बेतते. दहा किलो वजनाच्या बालकाच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे केवळ एक लिटर! अतिसाराने ग्रासलेले मूल एवढे पाणी अल्प काळात गमावू शकते. पटकीच्या तीव्र विकारात तर प्रौढ रोग्याच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाण्याची शक्यता असते. रोगी मरतो तो बहुधा रोगजंतूंच्या विषाने होरपळून नव्हे, तर पाणी व क्षार यांच्या दिवाळ्याने.

नुसते पाणी पाजून हे दिवाळे भरून निघत नाही, कारण आतड्यात पाणी शोषून घेण्यास मीठ आत जावे लागते, आणि अतिसारात मिठाची नेहमीची वाट बिघडलेली असते. मात्र साखर आणि मीठ यांना जोडीने आत नेणारी एक वेगळी वाट आतड्यात असून ती अतिसारातही उघडी राहते, ही गोष्ट १९६० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाली. मीठ-साखर आत गेली की मागोमाग पाणी ओढले जाते. वर सांगितलेला नियम तो हाच.

या ज्ञानाची कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एका लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण करवून ते पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातलगांनाच ते पाजावयास सांगितले. मृत्यूचे प्रमाण, जे अगोदर शेकडा ३० च्या घरात होते, ते त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत शेकडा ३.६ पर्यंत उतरले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. ज्या औषधाने असंख्य बालकांचे प्राण वाचले, त्यातील प्रमुख जिन्नस आपल्या किराणा दुकानाच्या फळीवरचेच आहेत, ही गोष्ट आपणांस विचार करावयास लावणारी आहे.

आज हे मिश्रण ओआरएसच्या पुडीत तयार मिळते. पुडी हाताशी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. प्रमाण मात्र चुकू देऊ नये. साखर अधिक झाली तर वरील नियमाप्रमाणे पाणी शरीरातून उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच बाजारातील गोड पेये या मिश्रणाची जागा घेऊ शकत नाहीत. ग्राहक विचारावयास आला असता त्याला हा भेद सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

गाळलेले पाणी

पाणी जसे आपल्या पेशींना चालविते, तसे सूक्ष्म जीवांनाही. पाण्यात जीव आहेत या भावनेने ते गाळून घेण्याचा व गाळण्यावर उरलेले ज्या विहिरीचे त्याच विहिरीत हलक्या हाताने सोडण्याचा आचार आपल्या घराण्यांतून चालत आलेला आहे. त्याचा हेतू करुणेचा होता, आरोग्याचा नव्हे. तो आचार विज्ञानाच्या प्रमाणपत्राची वाट पाहत बसला नव्हता. तथापि विज्ञानाने या बाबतीत जे पाहिले ते मनोरंजक आहे. पटकीचे जंतू पाण्यातील डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या लहान कवचधारी जीवांच्या अंगाला चिकटून राहतात. जंतू एकटा असता तर कापडातून सहज निसटला असता. पण ज्याच्यावर तो बसला आहे तो जीव कापडात अडकतो. डॉ. रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील ६५ खेड्यांत हा प्रयोग करून २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले.

परंतु येथे आत्मसंतुष्ट होऊन चालणार नाही. ४८ टक्के घटले याचा अर्थ ५२ टक्के उरले. कापड सुट्या जंतूंना वा विरघळलेल्या विषारी पदार्थांना अडवीत नाही. गाळल्यानंतर पाण्याला खळखळून उकळी आणणे हीच जंतूंच्या बाबतीत खात्रीची रीत होय. आणि घट्ट झाकण नसेल, तर उकळलेले पाणीही पुन्हा दूषित होते.

वखारीची वही

आता आपल्या धंद्याकडे वळू. आपल्या पूर्वजांनी माल टिकविण्याच्या जेवढ्या युक्त्या काढल्या, त्या सर्वांचे मर्म एकच आहे: सूक्ष्म जीवांना पाणी मिळू न देणे. मिरची, हळद, धान्य आपण वाळवितो. लोणच्यात मीठ व मुरांब्यात साखर भरपूर घालतो. लोणच्यात पाणी दिसते खरे, पण ते मिठाने बांधलेले असते. बुरशीचा वा जंतूचा कण त्यात पडला, तर पाणी त्याला मिळण्याऐवजी त्याच्याच अंगातून मिठाकडे ओढले जाते. मालात पाणी किती आहे यापेक्षा त्यातील मोकळे पाणी किती आहे हे महत्त्वाचे, असा सिद्धांत १९५० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी पक्का केला. मालाभोवतीच्या बंद हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहील इतका तो कोरडा असेल, तर त्यात काहीच वाढत नाही. ती ७० च्या पुढे गेली की बुरशीला वाव मिळतो. पावसाळ्यात बाहेरची हवा याहून किती तरी दमट असते, म्हणून चांगला वाळविलेला मालही उघडा राहिल्यास हवेतून पाणी उचलतो. गुळात अशी साखर असते की तिला पाण्याची फारच ओढ. म्हणून त्याला पाझर सर्वांच्या आधी फुटतो.

ओल्या धान्याच्या राशीत दाणे व बुरशी दोन्ही श्वसन करतात. श्वसनातून उष्णता व आणखी पाणी निर्माण होते, त्या पाण्याने बुरशी वाढते, आणि अशा रीतीने व्याजावर व्याज चढत जाऊन पोते आतून तापते. म्हणून गहू १२ टक्के ओलाव्याच्या आसपास व शेंगदाणे ७ टक्क्यांच्या आसपास वाळल्यावरच साठवावे असा दंडक आहे.

ओलावा आणि वजन यांचे गणित व्यापाऱ्याला मोहात पाडणारे आहे. शंभर किलो धान्यात १४ टक्के ओलावा असेल, तर कोरडा भाग ८६ किलो. ते १२ टक्क्यांपर्यंत वाळविले तर वजन ९७.७३ किलो भरते. म्हणजे सव्वादोन किलोंहून थोडी अधिक घट. ज्याने प्रामाणिकपणे माल वाळविला त्याच्या पदरी ही घट येते, आणि ज्याने ओला माल तसाच खपविला तो पाणी धान्याच्या भावाने विकून मोकळा होतो. हे अदत्ताचेच एक रूप आहे असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. पण प्रश्न केवळ सचोटीचा नाही, तो प्राणांचा आहे.

१९६० मध्ये इंग्लंडात एक लाखांहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोधाअंती असे आढळले की, त्यांना खाऊ घातलेल्या भुईमुगाच्या पेंडीत एका पिवळसर-हिरव्या बुरशीने विष निर्माण केले होते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. ते यकृतावर आघात करते, दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग ओढवते, आणि नेहमीच्या शिजविण्याने नाहीसे होत नाही. पुढे १९७४ मध्ये हे संकट आपल्या दारी आले. गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला, बुरशी धरला, आणि गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला, कारण घरात दुसरे धान्य नव्हते. नोंदलेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. पंचमहाल आपल्या वडोदऱ्याच्या बांधवांपासून फार दूर नाही. तेथे धान्यात पाणी शिरले ते आकाशातून; कोणी व्यापाऱ्याने ते घातले नव्हते. परंतु ओल्या मक्यात पाणी कोठून आले हे बुरशी विचारीत नाही. वखारीत निष्काळजीपणाने वा लोभाने राहिलेले दोन टक्के पाणी त्याच बुरशीला तेवढेच गोड लागते.

दोन विनंत्या

वाचकहो, पाण्याचा रेणू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा एकेक बंध अति दुबळा. पण त्याच्यावर समुद्राचे हवामान, माडाचा शेंडा, रक्ताचा प्रवाह आणि वखारीची शाबूत पोती अवलंबून आहेत. तो माणसाचे चालवितो आणि बुरशीचेही चालवितो. निवड करण्याचे काम निसर्गाने आपल्यावर सोपविले आहे.

म्हणून सभासद बंधुभगिनींना दोन लहानशा विनंत्या करून लेख संपवितो. पहिली अशी की, प्रत्येकाने घरात व दुकानात ओआरएसच्या चार पुड्या नेहमी ठेवाव्यात आणि घरातील सर्वांना व नोकरमंडळींना त्यांचा उपयोग समजावून द्यावा. दुसरी अशी की, धान्य, तेलबिया व मिरचीचा व्यापार करणाऱ्यांनी ओलावा मोजण्याचे यंत्र वापरावे, आणि एकट्याला ते परवडत नसल्यास चार दुकानदारांनी मिळून घ्यावे. वाळविलेल्या मालाचा भाव किंचित अधिक धरून तो ग्राहकाला मोकळेपणाने सांगावा. समजूतदार ग्राहक तो देतो. दिवाळीत आपण वहीपूजन करून जमा आणि खर्च यांचा मेळ घालतो. त्या दिवशी पाण्याच्याही वहीवर एकवार नजर फिरवावी, एवढेच मागणे.